चौऱ्याऐंशी किलो

बसच्या पायरीवर चढवताना चाकांची पिशवी दाराच्या लोखंडी दांड्यावर आपटली आणि आतून टण् असा आवाज आला. पिशवीत फक्त माझ्या बायकोचे, सेवास्तीचे कपडे होते. दोन स्वेटर, तीन झगे, एक राखाडी लोकरी कोट, थोडे किरकोळ. बायकांचे कपडे वाजत नाहीत. मी पिशवी उचलून आत घेतली आणि माझ्या हाताने आकडा सांगितला, पंधरा. तीस वर्षं विमानांची वजनं लिहिण्यात गेलेला हात आहे, तो मला न विचारता मोजत असतो. एवढ्या कपड्यांचे फार तर आठ व्हायला हवेत. “अहो काका, सरका की आत,” ड्रायव्हर ओरडला, “बॅगेत काय सोनं भरलंय का?” मागचे दोघे हसले. मी हसलो नाही, मी वजाबाकी करत होतो. पंधरातून आठ गेले, सात राहिले. पिशवी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने, किरा एव्दोक्सियाने भरली होती, मी नुसती घरापासून ओढत आणली होती. चाळिसाव्या दिवसाच्या आत गेलेल्या माणसाचे कपडे द्यावेत असं ती म्हणाली, आयिया वारवाराच्या चर्चमध्ये घेतात, आणि मी हो म्हणालो, कारण सेवास्ती गेल्यापासून मी सगळ्यांनाच हो म्हणतो. शुक्रवारच्या विमानाने मला अथेन्सहून आमच्या बेटावर जायचं होतं, शनिवारी तिचं चाळिसावं. आज मंगळवार. पुढच्या स्टॉपवर मी उतरलो, चर्च अजून चार स्टॉप लांब होतं.

स्टॉपच्या बाकावर बसून मी कोट बाहेर काढला. तो बाहेर येईना, ओढावा लागला. खालच्या काठाच्या दुमडीत ओळीने टणक काहीतरी होतं, मधे बोटभर अंतर सोडून, पुन्हा टणक. अस्तर जिथे शिवलं होतं तिथली गाठ मला ओळखीची होती, सेवास्तीचा बाप जाळं दुरुस्त करताना मारायचा ती. मी दाताने दोरा तोडला आणि हातावर शिशाचा मणी पडला. जाळं तळाला बसावं म्हणून त्याच्या काठाला ओवतात तो. पाव किलो. मग दुसरा. काळ्या दोऱ्याने शिवलेले नऊ, पुढे निळ्या दोऱ्याने आठ, आणि शेवटी काठ संपला म्हणून खिशांच्या आतल्या बाजूला मासे धरायच्या तंगूस दोऱ्याने अकरा. अठ्ठावीस. सात किलो बरोबर. समोरून एक बाई कुत्रा घेऊन गेली, कुत्रं थांबून शिसं हुंगायला लागलं, तिने त्याला ओढलं. मी तिथेच बसून राहिलो, मांडीवर कोट, आणि मला सगळं कळलेलं होतं, पण ते अजून माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आमच्या बेटावर अठरा जागांचं विमान यायचं तेव्हाची गोष्ट. दिवसातून तीनदा. एवढ्या लहान विमानात प्रत्येक माणूस मोजावा लागतो. कोण पुढे बसला, कोण मागे, यावर विमानाचं नाक वर राहणार की खाली ते ठरतं. म्हणून सामानाच्याच काट्यावर प्रवाशाला उभं करायचो, हातातल्या पिशवीसकट, अंगावरच्या कोटासकट. आकडा मी पेन्सिलने लोडशीटवर लिहायचो, म्हणजे विमानात कुठे किती वजन आहे त्या कागदावर, आणि वैमानिक तो बघून सही करायचा. मी कधी कुणाचं वजन मोठ्याने बोललो नाही, त्यामुळे बायका माझ्यावर विश्वास टाकायच्या. आमच्या चर्चचा पाद्री, पापा निकिफोरोस, एकशे अठ्ठावीस भरायचा, काट्यावरून उतरताना दर वेळी म्हणायचा, “शंभर लिही रे मिनास, वरचे अठ्ठावीस पवित्र आत्म्याचे.” मी एकशे अठ्ठावीसच लिहायचो आणि त्याला पंखाजवळ बसवायचो. ईस्टरच्या आधीच्या उपासात अख्खं बेट हलकं व्हायचं, ईस्टर झाला की पुढच्या सोमवारी विमान जड. कोण पोटुशी आहे ते मला तिच्या सासूच्या आधी ठाऊक असायचं. माझ्या बेटावरचा प्रत्येक माणूस मला किलोत पाठ होता, आणि याचा मला गर्व होता. तो गर्व आज सांगायला तोंड नाही.

सेवास्ती पहिल्यांदा त्या काट्यावर आली ती आजार कळल्यानंतर. दर दुसऱ्या मंगळवारी तिला रोदोसच्या मोठ्या बेटावरच्या इस्पितळात जावं लागायचं, सलाइन घ्यायला. सकाळच्या विमानाने जायची, संध्याकाळच्या विमानाने परत. मी ड्यूटीवर, त्यामुळे ती एकटीच. एकसष्ट. सगळे लोक काट्यावर उभे राहिले की आकड्याकडे बघतात, ती माझ्याकडे बघायची. “आलं का नीट?” “आलं.” “किती ते नको सांगूस हं, मला लाज वाटते.” पुढच्या वेळी एकसष्ट. मग साठ. मग पुन्हा एकसष्ट. दोन हिवाळे आणि मधला एक उन्हाळा ती एकसष्टवर राहिली. गाल आत गेले, अंगठी बोटातून निसटायला लागली, मान बारीक झाली, हे मला दिसत होतं. मी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, काट्यावर ठेवला. जूनमध्येही ती कोट घालून यायची. रांगेतले लोक तिची थट्टा करायचे, “सेवास्ती, रोदोसला बर्फ पडलाय का?” ती म्हणायची, “तुमच्या बायका तुम्हाला ऊब देतात, मला कोटच देतो.” सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मीही हसायचो. एकदा तिथल्या डॉक्टरांचा फोन आला तर मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “वजन अजिबात उतरलं नाही डॉक्टर, मी स्वतः बघतो, दर पंधरा दिवसांनी.” मग डॉक्टर म्हणाले, “तुमची बायको फार खंबीर आहे, क्यूर मिनास.” मला वाटलं, मलाच शाबासकी मिळाली. अर्थात त्यांच्याकडेही काटा होता. त्यांच्या काट्यावर ती कोट काढून उभी राहत असणार.

मग विमानं मोठी व्हायला लागली. आधी सेहेचाळीस जागांचं आलं. तीनचं एक झालं, पण ते रोज यायचं. सोबत मुख्य कार्यालयाचं पत्रक आलं, आता प्रवाशांचं वजन करायचं नाही. एवढ्या माणसांत कमीजास्त आपोआप भरून निघतं, म्हणून मोठा माणूस सरसकट चौऱ्याऐंशी किलो धरायचा, हातातल्या पिशवीसकट, आणि मूल पस्तीस. माणसांचा काटा कोपऱ्यात सरकवून वर कुंडी ठेवली. त्या मंगळवारी सेवास्ती आली आणि सवयीने काट्याच्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिथे मोकळी फरशी होती. मी तिला पत्रक समजावून सांगितलं. “म्हणजे मी आता चौऱ्याऐंशी किलोंची?” “कागदावर.” “आणि पापा निकिफोरोस?” “तोही चौऱ्याऐंशी.” ती हसायला लागली, हसता हसता तिला खाली बसावं लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. “बरं झालं गं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली, “या वयात अंग भरलं माझं.” पुढे किती तरी दिवस हा आमचा घरातला विनोद होता. जेवताना ती ताटातलं अर्धं माझ्याकडे सरकवायची आणि म्हणायची, “मला कशाला, मी चौऱ्याऐंशीची आहे.” मी ते खायचो.

सेहेचाळीसचं सत्तर झालं, सत्तरचं एकशे ऐंशी. आमच्या अथेन्सच्या कार्यालयात नियोजन विभागातली एक हुशार मुलगी दरवर्षी एक आलेख दाखवते. डावीकडून उजवीकडे चढत जाणारी एकच रेघ, दर उड्डाणामागे सरासरी किती जागा. युरोपभर हेच चाललंय, ती म्हणते. उत्तरेकडच्या बेटांची एकोणीस जागांची विमानं गेली, डोंगरातल्या गावांची पन्नासची गेली, आणि दुसऱ्या टोकाची ती दुमजली अवाढव्य विमानंसुद्धा गेली, कारण तीही कुणाला परवडेनात. सगळे मिळून एकाच मापाकडे येताहेत. रेघ खरी आहे. मी तीस वर्षं त्या रेघेवरून चढत आलोय, तिच्यात मला एकही चूक काढता येत नाही. फक्त रेघ वर जाताना आमच्या बेटाचं विमान हिवाळ्यात आठवड्यातून दोनदाच यायला लागलं, मंगळवारी आणि शुक्रवारी, कारण एकशे ऐंशी माणसं रोज आणायची कुठून. आणि सेवास्तीच्या आजाराने तेव्हाच पुन्हा डोकं वर काढलं, तिला आता बुधवारी बोलावत होते. तेवढ्यात बेटावरचं माझं टेबलच बंद झालं. सगळ्या गावांच्या लोडशीट अथेन्सच्या विमानतळावरच्या एका हॉलमधून निघायला लागल्या. अकरा माणसं, दिवसाला दीडशे विमानं, खिडकी नाही. मी बदली घेतली. शेजाऱ्यांना सांगितलं, सेवास्तीला मोठं इस्पितळ मिळेल. खरं तेही होतं.

मोठ्या इस्पितळात दाखल करताना नर्सने तिचा कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाली, “अगं बाई, यात दगड भरलेत की काय?” सेवास्ती म्हणाली, “गावचे आहेत.” मी बाजूला उभा राहून फॉर्म भरत होतो. वजनाच्या रकान्यात मी एकसष्ट लिहिलं.

बाकावरून मी झाखारीसला फोन लावला. झाखारीसचं बेटावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराण्याचं दुकान आहे. “कोण, मिनास? अरे जिवंत आहेस होय! शुक्रवारी येतोयस ना? चाळिसाव्याच्या प्रसादाचा गहू मी आणून ठेवलाय, बायको म्हणते डाळिंब मिळालं तर अथेन्सहून आण, इथली सुकली.” “आणतो. झाखारीस, तुझ्याकडे बटाट्याच्या पोत्यांचा एक काटा होता.” “होता म्हणजे? आहे.” “सेवास्ती त्याच्यावर उभी राहायची का रे?” दुकानातला रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला. “कुणी सांगितलं तुला?” “कोटाने.”

“हे बघ,” तो म्हणाला, “सोमवारी दुपारी यायची. दुकान बंद असायचं. आधी नुसती उभी राहायची, मग कोट घालून. कमी पडलं की शिसं मागायची. तिच्या बापाचं जाळं माझ्याच वखारीत पडलं होतं ना, त्यातलं मीच सोडवून दिलं. मला शिव्या घाल हवं तर.” “का केलंस असं?” “शपथ घातली होती तिने. म्हणाली, मिनासला कळलं तर त्याचा हात थरथरेल, आणि कापऱ्या हाताने विमान भरलेलं बरं नाही. सतरा माणसं असतात म्हणाली माझ्यासोबत.” माझ्या कानाला फोन जड लागायला लागला. मी विचारलं, “किती होतं शेवटी?” “काय?” “तिचं. कोटाशिवाय.” “मला काय ठाऊक मिनास? मी पाठ करून उभा राहायचो. बाईमाणूस वजन करतंय, मी बघू होय? आकडा तीच बघायची.”

मी चर्चला गेलो नाही. पिशवी ओढत मेट्रोत बसलो आणि विमानतळावर आलो, दोनची ड्यूटी होती. वाटेत मी सोप्या वजाबाक्या करत होतो. शेवटच्या लहान विमानात एकसष्ट लिहिलं, सात शिशाचे, म्हणजे चोपन्न, त्यातून कोटाचे दोन, बावन्न. त्यानंतरची पाच वर्षं माझ्याकडे काहीच नव्हतं, चौऱ्याऐंशी सोडून. फॉर्मवर मी एकसष्ट लिहिलेलं पुढे कुणीतरी दुरुस्त केलं असेल, पण ते मी बघितलं नव्हतं. मला खरा आकडा हवा होता. का हवा होता ते विचारू नका. नवऱ्याने मेलेल्या बायकोच्या वजनाचं काय करायचं असतं? पण तिने दोन हिवाळे, विमानाच्या आदल्या सोमवारी ते एकटीने बघितलं होतं, आणि मला निदान एकदा तरी तिच्या शेजारी उभं राहून बघायचं होतं. आणि तो आकडा कुठे असेल हे मला माहीत होतं. माणसं सरासरीने जातात, माल नाही. मालाचं वजन नेहमी खरं करतात. सेवास्तीला मी बेटावर परत नेलं ते विमानाच्या पोटातून, जस्ताच्या पत्र्याच्या शवपेटीत, आणि शवपेटी नियमाने माल असते. ती मालाच्या काट्यावर चढली असणार. त्या दिवशी मी वर बसलो होतो, बाविसाव्या रांगेत, चौऱ्याऐंशी किलो. माझ्यासोबतचे सगळेच चौऱ्याऐंशी. विमानात खऱ्या वजनाची फक्त तीच होती. रिकाम्या पेटीचं वजन पेटीवाल्याच्या कागदावर होतं, चौऱ्याहत्तर. ते वजा केलं की झालं.

त्या दिवसाची लोडशीट आर्गिरोने बनवली होती. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, पन्नाशीची, तोंडाने फटकळ, दुपारचं जेवण माझ्यासाठीही आणते आणि मी खाल्लं नाही तर सगळ्यांसमोर अब्रू काढते. मी जुन्या नोंदी उघडल्या तशी ती खुर्चीतून अर्धी उठली. “मिनास, ते बघायचं नाही असं ठरलं होतं आपलं.” मी बघितलं. मालाचा रकाना रिकामा होता. प्रवासी एकशे चौसष्ट.

“एकशे त्रेसष्ट चढले होते,” मी म्हणालो. “मी मोजले होते.”

“अशा दिवशीसुद्धा?”

“सवय आहे. चौसष्टावं कोण?”

तिने चष्मा काढला. “वैमानिकानेही विचारलं. फोन करून म्हणाला, एक माणूस जास्त दाखवताय. मी म्हटलं जास्त नाही, बरोबर आहे, खाली आहे ती. कोण ते सांगितलं. तो म्हणाला, राहू दे.”

“हे नियमात बसत नाही.”

“ठाऊक आहे मला नियम.”

“तीस-चाळीस किलोंचा फरक—”

“एवढ्या मोठ्या विमानाला काय होतं रे तेवढ्याने? काही होत नाही. मला तिला पेट्या-खोक्यांच्या रकान्यात टाकवेना. तूच नव्हतास का सांगत, ती म्हणायची मी चौऱ्याऐंशीची म्हणून? मी तिला चौऱ्याऐंशी लिहिलं. वर, माणसांत.”

“मालाच्या काट्याची चिठ्ठी कुठाय?”

“फाडली.”

मी तिच्यावर ओरडलो. हॉलमधल्या नऊ माणसांनी माना वर केल्या. मी काय बोललो ते आठवत नाही, आठवतं ते इतकंच की ती एका शब्दाने उलट बोलली नाही, आणि ती उलट बोलत नाही असं आम्ही कुणी कधी बघितलं नव्हतं. तिने माझ्या बायकोला माणसांत बसवलं होतं, आणि मी तिच्यावर ओरडत होतो. सगळ्यांनी मला जपलं होतं. सेवास्तीने, झाखारीसने, डॉक्टरांनी, हिने. माझ्याभोवती सगळे पाठ करून उभे राहिले होते, आणि आता तो आकडा जगात कुठेच नव्हता. मला रडू आलं. रडत रडत मी पिशवी घेऊन कपडे ठेवायच्या खोलीत गेलो.

तिथे भिंतीला खुंट्या आहेत, त्यांना सगळ्यांचे कोट. मी तिचा कोट बाहेर काढला, काढलेले मणी त्याच्या खिशांत भरले, आणि मला नातलगाकडचं एक बारसं आठवलं, अथेन्समधलं, अलीकडचंच. सगळे निघाले होते. इथले पुरुष बायकांना कोट धरतात, मागे उभं राहून, खांद्यांशी, म्हणजे तिला नुसते हात घालायचे असतात. सेवास्तीने खुंटीवरून कोट काढला, माझ्या हाताशी खुर्चीवर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. हात थोडे मागे घेऊन. मी घड्याळ बघत होतो, शेवटची मेट्रो चुकेल म्हणून. “चल लवकर,” मी म्हणालो. ती तशीच थांबली, किती वेळ कोण जाणे, मग वळली आणि कोट स्वतःच चढवला, एक हात, मग दुसरा, खांदे वाकवून. वजन करायचं बंद होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. शिसं काढून टाकायला तिला कुणी अडवलं नव्हतं. तिने ते काढलं नाही. माझा हात कसा आहे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एकदा तो कोट उचलला असता, नुसता उचलला असता, तर आकडा मला कुणी सांगायची गरज पडली नसती. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी एकदाही तिचा कोट धरला नाही.

तिचं वजन माझ्याकडे नाही. आहेत ते हे सात किलो, जे तिच्या अंगावरून गेले आणि तिने माझ्यासाठी पुन्हा अंगावर घातले.

मी कोट दोन्ही खांद्यांशी धरला आणि वर उचलला. ती माझ्या हनुवटीपर्यंत यायची, तेवढ्या उंचीवर. बाह्यांची तोंडं उघडी राहतील असा.

काही वेळाने दार उघडलं. “मिनास,” आर्गिरो म्हणाली, “दोन वाजून गेले. तुझी तीन विमानं थांबलीत.” मग तिला माझे हात दिसले. “काय करतोयस?”

“कोट धरलाय,” मी म्हणालो.

तिने दार ओढून घेतलं आणि बाहेर कुणाला तरी सांगितलं की मिनासची विमानं माझ्याकडे द्या. माझे हात भरून आले होते. मी कोट खाली घेतला नाही.